तोळा, मासा, गुंज आणि बंदुकीचा बार

दिवाळी आणि दारू यांचे नाते फार जुने आहे. दचकू नका! मी शोभेच्या दारूबद्दल बोलतो आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीत येता येता या सोज्वळ शब्दाला दोन घरे लाभली. एक पेल्यात आणि दुसरे बंदुकीच्या नळीत. पहिल्या घराबद्दल आमच्या नाटककारांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. दुसऱ्या घराकडे मात्र मराठीच्या अभ्यासकाचे सहसा लक्ष जात नाही.

वस्तुतः बंदुकीने आपल्या भाषेत चांगलेच ठाण मांडले आहे. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो. मुलीचे लग्न ठरले की 'बार उडवून टाकतो'. पुढाऱ्याचे भाषण रंगले नाही तर तो 'फुसका बार' ठरतो. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्याला लागला आणि थेट सह्याद्री चढून आमच्या गोदाकाठापर्यंत आला. मौज अशी की, या सगळ्या शब्दप्रयोगांत कौतुक आहे ते जोराचे, आवाजाचे आणि भरपूरपणाचे. बार जितका दणदणीत तितका चांगला, अशी आपली समजूत.

ज्यांनी खरोखर बंदुकीवर आयुष्य काढले, त्यांचे मत याच्या अगदी उलट होते. त्यांच्या लेखी बार मोठा आहे की लहान हा प्रश्न दुय्यम होता. पहिला प्रश्न असा, की कालचा बार आणि आजचा बार तंतोतंत सारखा आहे का? आणि दुसरा प्रश्न, हा बार या विशिष्ट नळीला मानवतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता माणसाने सोनाराचा तराजू शिकारीच्या सामानात नेऊन ठेवला. त्याचीच ही हकीकत आहे. ती सांगणारा मी मराठीचा मास्तर. खडूखेरीज दुसरे शस्त्र माझ्या हाती कधी आलेले नाही, तेव्हा तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावे.

ठासणीचा जमाना

आमचा परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९९९ साली वेगळा जिल्हा झालेले हिंगोली तेव्हा परभणीतच मोडे, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची काळी, मोकळी रानं म्हणजे काळविटांची माहेरघरं. जिंतूरच्या बाजूला डोंगर आणि झाडी. अशा मुलखात देशमुख-जहागीरदारांच्या वाड्यांत बंदूक असणे हे नवल नव्हते. फासेपारध्यांना मात्र तिची गरज वाटत नसे. त्यांचे फासे आणि त्यांचे पाय त्यांना पुरत.

ठासणीची बंदूक भरणे हा एक छोटासा विधीच असे. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. जुन्या तोड्याच्या बंदुकीत कानाशी रंजक घालून जामगीने ती पेटवायची. पुढे केपाची बंदूक आली, तेव्हा जामगी गेली. ठासणे मात्र राहिले. या सगळ्या खटाटोपात दोन शिकाऱ्यांचा फरक कळे तो दारू ओतताना. एकजण मूठ अंदाजाने मोकळी करी. दुसरा शिंगाचे किंवा बांबूचे छोटे माप बाळगी. ते काठोकाठ भरून, वरून बोट फिरवून, मगच नळीत रिते करी. पहिल्याचा एक बार सशाच्या डोक्यावरून जाई आणि दुसरा पायाशी माती उडवी. दुसऱ्याची चूक झालीच तर ती दर वेळी एकाच जागी होई, आणि एकाच जागी होणारी चूक सुधारता येते. नेमबाजीचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आले.

कागदी काडतूस निघाले तेही याच गरजेतून. एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी एकाच पुडीत बांधलेली असे. शिपायाने पुडी दातांनी फाडायची आणि नळीत रिकामी करायची. १८५७ साली एनफिल्ड रायफलीच्या याच पुडीवरच्या चरबीने केवढा आगडोंब उसळला, ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र ती पुडी मुळात मापासाठी जन्मली होती, हे आपल्या ध्यानात नसते.

निमाडातला साहेब

गुळगुळीत नळीतून गोळी सुटली की ती हवेत कशीही गडबडते. म्हणून नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडण्याची युक्ती निघाली. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि भोवऱ्यासारखीच तोल सांभाळते. आटे पाडलेली ही बंदूक म्हणजेच रायफल. पण आट्यांनी एक नवेच कोडे घातले. वाटोळ्या शिशाच्या गोळीमागे दारू जास्त घातली, तर धक्क्याच्या जोराने गोळी आटे सोडून सरळ निसटे. मग फिरणे नाही आणि नेमही नाही. म्हणून कारागीर दारू कमी ठेवीत. पण दारू कमी म्हणजे गोळी संथ, आणि संथ गोळी वाटेत खूप खाली येते. साधा हिशेब करून पाहा. सेकंदाला सरासरी अकराशे फूट जाणाऱ्या गोळीला शंभर यार्ड गाठायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती फूटभराहून जास्त खाली येते. दीडशे यार्डांवर ही घसरण याच्या दुपटीहूनही वाढते. झाडीत उभे असलेले सांबर शंभर यार्डांवर आहे की सव्वाशे, हा अंदाज चुकला की सगळेच चुकले.

हे कोडे ज्यांनी चिकाटीने सोडवले त्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव आपल्या ओळखीचे असायला हवे, कारण त्याची प्रयोगशाळा म्हणजे आपल्या शेजारचे रान. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात तो नोकरीला होता. निमाडची जमाबंदी त्याने केली आणि सातपुड्याची, पचमढीची राने पायी तुडवली. १८७१ साली प्रसिद्ध झालेले त्याचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक जंगलप्रेमी आजही वाचतात. तेच त्याच्या मृत्यूचेही वर्ष. त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक वेगळे पुस्तक लिहिले होते. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवा. मग वाटोळी गोळी दारूच्या मोठ्या मापालाही आटे सोडत नाही, वेगाने जाते, आणि शिकारीच्या नेहमीच्या अंतरात जवळजवळ सरळ रेषेत जाते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी जनावर जागच्या जागी पडते.

यातले मर्म पाहा. 'दारू जास्त' हे फोर्सिथचे म्हणणे नव्हे आणि 'दारू कमी' हेही नव्हे. नळी, पीळ, गोळी आणि दारू ही एका संसारातली चार माणसे आहेत. एकाचा स्वभाव बदलला की बाकीच्या तिघांना बदलावे लागते, हे त्याने दाखवून दिले.

पितळी पुंगळीचा संसार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदूक मागून भरू लागली, आणि केप, दारू, गोळी हे सारे एका पितळी पुंगळीत बसले. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि पाचसात वर्षांत इंग्रजांची कॉर्डाइट आली. काडतुसे कारखान्यातून तयार मिळू लागली. मग शिकाऱ्याचे काम संपले का? नाही. खरी गंमत येथेच सुरू झाली.

कारखान्याचे काडतूस बाजारातल्या तयार सदऱ्यासारखे असते. ते सगळ्यांच्या अंगात शिरले पाहिजे, म्हणून ते कोणालाच नेमके बसत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी घडलेल्या दोन रायफली घ्या. एकच काडतूस एकीला मानवते आणि दुसरीला मानवत नाही. म्हणून अमेरिका-युरोपात कायद्याची मुभा असलेले कितीतरी शिकारी आणि नेमबाज आजही आपली काडतुसे घरी स्वतः भरतात. हे काम मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे, आणि पहिले माप बंदूकच घेते. बार उडाला की पितळी पुंगळी फुगून त्या नळीच्या घराचा आकार घेते. तीच पुंगळी साफ करून पुन्हा वापरली की ती त्या घरात नेमकी बसते. पुंगळ्या शक्यतो एकाच कारखान्याच्या घ्यायच्या. बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतल्या भिंती जाड-पातळ असतात. आतली जागा बदलली की दाब बदलतो.

मग येतो तराजू. बंदुकीच्या जगात दारू आणि गोळी यांचे वजन 'ग्रेन'मध्ये करतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. आपल्या सोनाराची गुंज हीसुद्धा वेलीवरची बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजी अमदानीत तोळा बरोबर १८० ग्रेनांचा ठरला, म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित अधिक. 'थ्री नॉट थ्री' या प्रसिद्ध लष्करी रायफलीची १७४ ग्रेनांची गोळी तोळ्याला सहा ग्रेन कमी भरते. साधारण तोळाभर शिसे आणि त्यावरचे पातळ कवच, एवढाच तो ऐवज! काडतूस भरणारा कसबी माणूस दारू तोलताना एका ग्रेनचा दहावा भाग पाहतो. म्हणजे गुंजेचे जवळजवळ एकोणीस भाग करायचे आणि त्यांतल्या एका भागाची फिकीर करायची. आमच्या सराफ्यातसुद्धा इतकी कडक नजर क्वचितच सापडेल.

दारूचे योग्य माप पुस्तकातून तयार मिळत नाही. पुस्तक फक्त कुंपण दाखवते: याच्या खाली नको, याच्या वर तर मुळीच नको. भरणारा खालच्या टोकाकडून सुरुवात करतो. अगदी थोडथोडी दारू वाढवत काही काडतुसे भरतो आणि प्रत्येक मापाच्या पाच-पाच गोळ्या कागदावर टाकतो. शंभर यार्डांवर त्या पाच भोकांचा पुंजका केवढा पडला ते पट्टीने मोजतो. आश्चर्य असे, की पुंजका सारखा लहान होत जात नाही. तो पसरतो, मग एका मापाशी एकदम आवळतो, आणि पुढे पुन्हा पसरतो. याचे कारण असे सांगतात, की बार उडताना पोलादाची नळीही वीणेच्या तारेसारखी थरथरते. गोळी तोंडातून बाहेर पडते तो क्षण त्या थरथरीत दर वेळी सारख्या जागी आला, की पुंजका आवळतो. गवई तंबोरा लावताना खुंटी पिळत जातो आणि एका जागी थांबतो, तसेच हे थांबणे.

या कामाचा एक कडक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर गोळी तीच, गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते बदलले तर दारू तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि पुंगळीच्या बुडाची केप चपटी झालेली दिसली, किंवा रायफलीचा खटका उघडायला जड जाऊ लागला, तर तेथेच थांबायचे. नळी बोलते आहे, ऐका! ज्यांनी ऐकले नाही, काळ्या दारूचे जुने माप बिनधुराच्या दारूला लावले, त्यांच्या हातात नळ्या फुटल्या. बिनधुराची दारू दिसायला थोडी, पण जोराने कितीतरी जास्त. तिला मूठ आणि अंदाज चालत नाही.

वैशाखातली दारू

इंग्लंडच्या थंडीत तोललेले काडतूस आपल्या वैशाखात काय करते? परभणीचा पारा उन्हाळ्यात ४२ अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्यात एखाद्या पहाटे ५ अंशांच्याही खाली उतरतो. कॉर्डाइट उष्णतेला फार हळवी. तापलेल्या काडतुसात ती वेगाने जळते, दाब वाढतो आणि पुंगळी घरात घट्ट बसते. समोरून जखमी वाघ येतो आहे आणि रिकामी पुंगळी निघत नाही, ही कल्पना करून पाहा. म्हणून विलायतेतले कारखानदार हिंदुस्थान आणि आफ्रिका यांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे बनवीत. १९११ साली रिग्बीने आपल्या ४१६ रायफलीसाठी पुंगळीच मुळी ऐसपैस ठेवली. उद्देश हा, की गरम मुलखातही दाब आवाक्यात राहावा.

राजेरजवाड्यांच्या दुनळी रायफलींची तऱ्हा तर आणखी नाजूक. दोन नळ्या शेजारी शेजारी, पण दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी पडायला हव्यात. कारागीर मधली पाचर सरकवीत, बार काढीत, पुन्हा सरकवीत. हे जुळवणे दारूच्या एकाच मापासाठी असे, आणि ते माप नळीवर कोरून ठेवीत. मालकाने हौसेने दुसरेच काडतूस घातले, की दोन नळ्यांची दोन तोंडे दोन दिशांना, एखाद्या बिघडलेल्या भाऊबंदकीसारखी! मग दोष शिकाऱ्याचा की बंदुकीचा, यावर बैठकीत वाद रंगत.

चुकलेल्या गोळीचे देणे

एखादा वाचक म्हणेल, एवढी गुंज-मासा कशाला? हरणाला बोटभर इकडे लागले काय आणि तिकडे लागले काय! हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोटभर इकडे म्हणजे काळीज, आणि चार बोटे तिकडे म्हणजे पोट किंवा जबडा. काळजाला लागलेले जनावर पाच-पन्नास पावलांत पडते. पोटात लागलेले दिवसचे दिवस रानात कुढत राहते. जखमी जनावर सोडून परत फिरायचे नाही, असा रानाचा जुना दंडक होता, आणि तो केवळ मर्दुमकीचा नव्हता, तर माणुसकीचाही होता.

हे देणे कधी कधी माणसालाही फेडावे लागते. १९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊंमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिने चारशेहून अधिक माणसे मारली होती. तिचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा, तर खालचा पार हाडापर्यंत. कोणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या गोळीने ते तुटले होते, आणि नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने नोंदवून ठेवले आहे. ती गोळी कोणी झाडली ते कोणालाच ठाऊक नाही. त्याचा बार अंदाजाने भरलेला होता की मोजून, हेही कळायला मार्ग नाही. पण चार बोटांची चूक केवढी होऊ शकते, याचा याहून भयंकर हिशेब मला तरी माहीत नाही.

बंदूक खाली ठेवल्यावर

शिकारीचा तो काळ आता संपला आणि तो संपला हे बरेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीची उरलीसुरली दारेही बंद झाली. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात आहे. परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी घरात उद्योग आरंभील, तर दिवाळीचा फराळ तुरुंगात मिळेल, हे आधीच सांगून ठेवतो! काडतुसे भरण्याचे काम कारखान्यांनी करावे. खडकीचा कारखाना ते १८६९ पासून करीत आला आहे.

पण रान सुटले तरी ती विद्या मेली नाही. ती नेमबाजीच्या मैदानावर गेली, आणि तेथे आपल्या मराठी मुलामुलींनी तिचे चीज केले. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक सुवर्णपदक आणले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. त्यांच्या २२ बोअरच्या काडतुसाची केप बुडाच्या काठातच असते, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. मग वरच्या दर्जाचे नेमबाज काय करतात? कारखान्याच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात, पुंजके मोजतात, आणि जो घाणा आपल्या नळीला मानवला त्याचीच खोकी साठवून ठेवतात. त्या गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे आपल्या एकवीस गुंजा! तराजू कारखान्यात गेला, तरी 'हा बार या नळीला मानवतो का' हा प्रश्न अजून नेमबाजाच्याच हातात आहे.

आमच्या भागातला शेतकरी आजही रात्री माळ्यावर जागतो. रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवून जातात, हे त्याचे दुःख खरे आहे. त्यावर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई आणि परवानगी असा सरळ रस्ता आहे. तो लांब आहे, कबूल. पण अंधारात अंदाजाने उडवलेला बार हा त्याला पर्याय नव्हे. जखमी डुक्कर पहाटे कोणाच्या अंगावर जाईल, ते सांगता येत नाही. बहुधा ते शेणकुराला किंवा पाण्याला निघालेल्या बाईमाणसाच्याच वाटेत यायचे.

बंदुकीने मराठीला 'ठासून' हा शब्द दिला आणि आपण तो आवडीने उचलला. पण आपल्याच भाषेत, सोनाराच्या पेढीवरून आलेला, 'तोलूनमापून' हाही एक शब्द आहे. रानात ज्यांची बंदूक भरवशाची होती, ती माणसे या दुसऱ्या शब्दाची होती. वाचकहो, या दिवाळीत अंगणातले फुसके आणि दणदणीत बार ऐकताना एवढे जरूर आठवावे, की ज्या बाराने नेमके लक्ष्य गाठले, त्याच्यामागे कोणीतरी, कधीतरी, गुंजेच्या एकोणिसाव्या हिश्श्यासाठी श्वास रोखून तराजूच्या काट्याकडे पाहिले होते.